गोधडीचे ब्लॉक मांडले की एकाच कोपऱ्यात काळोख साठतो? काय काय तपासायचं, क्रमाने

जमिनीवर मांडलं तेव्हा मस्त दिसत होतं, शिवून झाल्यावर मात्र एका कोपऱ्यात सगळा काळोख गोळा झालाय आणि मधेच एक पिवळा तुकडा डोळ्यात घुसतोय. हे मी माझ्या स्वतःच्या गोधड्यांत पाहिलंय, जाऊबाईंच्या पाहिलंय, शेजारच्या काकू तर दर दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांसाठी काहीतरी शिवायला काढतात आणि चौथ्या दिवशी पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. गेल्या बारा-पंधरा वर्षांत हाच एक दोष इतक्यांदा सोडवलाय की आधी काय बघायचं आणि नंतर काय याचा क्रम आता हाताला बसलाय, तोच इथे लिहितेय.

हे सगळं तुकड्यांच्या गोधडीबद्दल आहे हं, म्हणजे घरातल्या जुन्या साड्या, शर्ट, परकर, शिंप्याकडचं कातरण असं मिळेल ते कापड चौकोनी ब्लॉक करून जोडतो ती. रंग जुळवून ठेवलेला कापडाचा सेट दुकानातून आणला तर हा त्रास फारसा होत नाही, कारण निवड आधीच कोणीतरी केलेली असते. आपल्याला आजीचं नऊवारी आणि नातवाचा शाळेचा शर्ट शेजारी शेजारी नांदवायचे असतात, आणि तेच तर करायचं असतं, म्हणून ही खटपट.

हिशेबाला सगळीकडे एकच उदाहरण धरते. आडवे ८ ब्लॉक, उभे १०, म्हणजे एकूण ८०. प्रत्येक ब्लॉक साडेसहा इंचाचा कापलेला, चारी बाजूंनी पाव इंच शिलाईत गेल्यावर ६ इंचाचा उरतो. तयार माप ४८ बाय ६० इंच. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पुरते, मोठ्या माणसाला पायावर घ्यायला बरी.

लक्षणं

सगळ्या तक्रारी ऐकायला एकसारख्या वाटतात, "ताई काहीतरी चुकतंय पण काय ते कळत नाही", पण नीट विचारलं की त्या वेगवेगळ्या निघतात. तुमची कुठली ते आधी ठरवा.

– लांबून बघितलं की एका भागात गडद गोळा दिसतो, किंवा उलट, फिकट ब्लॉक एकत्र येऊन भोक पडल्यासारखं दिसतं.
– नजर पुन्हा पुन्हा एकाच ब्लॉककडे जाते. बहुतेक वेळा तो पांढराशुभ्र, हळदीसारखा पिवळा नाहीतर कुंकवासारखा लाल असतो.
– डाग कुठेच नाही पण सगळंच मळकट, गढूळ दिसतंय. रंग भरपूर आहेत तरी एकही उठून येत नाही.
– एकाच साडीचे दोन ब्लॉक शेजारी किंवा तिरके एकमेकांना टेकून आलेत, आणि मांडताना असं नव्हतं याची तुम्हाला खात्री आहे.
– ब्लॉकमध्येच नक्षी असेल, अर्धा गडद अर्धा फिकट त्रिकोण किंवा लॉग केबिनसारख्या, म्हणजे मधल्या चौकोनाभोवती फिरत जोडलेल्या पट्ट्या, तर ती नक्षी चालता चालता एका जागी तुटते.
– रंग ठीक आहेत पण कोपरे जुळत नाहीत, ओळी एकमेकींपेक्षा लांब-आखूड झाल्यात.

शेवटचं लक्षण मांडणीचं नाहीच खरं तर, मापाचं आहे, पण लोक त्यालाही "मांडणी बिघडली" म्हणूनच आणतात म्हणून घेतलंय.

१. काही हलवू नका, आधी फोटो काढा

पैसे शून्य, वेळ दोन मिनिटं. आणि माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा उत्तर इथेच मिळतं.

ब्लॉक पसरलेले असतील तर खुर्चीवर किंवा जिन्याच्या पायरीवर उभं राहून सरळ वरून फोटो घ्या, कोणालातरी खुर्ची धरायला सांगा. मग फोनमध्येच त्या फोटोला ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा. आता रंग गेले, उरला फक्त गडद-फिकटपणा. जो काळोखाचा गोळा तुम्हाला जाणवत होता पण दाखवता येत नव्हता तो आता स्पष्ट दिसेल.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण सगळ्या पोस्टचं मर्म इथे आहे. आपण मांडताना रंगाने विचार करतो, हिरव्याशेजारी हिरवा नको, निळ्याशेजारी निळा नको. पण चार-पाच फुटांवरून बघताना डोळा आधी गडद आणि फिकट वेगळे करतो, रंगाचं नाव त्याला नंतर सुचतं. बाटली हिरवा, जांभळा, मरून आणि नेव्ही ब्लू हे चार रंग आपल्या यादीत वेगवेगळे आहेत, पण एकत्र ठेवले की लांबून तो एकच काळा ढीग दिसतो. जुन्या काठपदराच्या साड्यांमध्ये नेमके हेच चार रंग भरपूर निघतात, म्हणून आपल्या गोधड्यांत हा दोष इतका होतो. "मी एकही रंग शेजारी ठेवला नाही तरी असं का" याचं उत्तर एवढंच आहे.

एक मर्यादा लक्षात ठेवा. लाल रंग या फोटोत चांगलाच गडद दिसतो, एखाद्या साध्या तपकिरीसारखा, पण प्रत्यक्षात तो ओरडत असतो. तेव्हा फोटो गडद-फिकटासाठी वापरा, भडकपणासाठी नाही. भडक रंगांचं खाली वेगळं लिहिलंय.

फोटो उलटा करूनही बघा, वरचं खाली. सारखं बघून बघून डोळा सवयीने काही गोष्टी सोडून देतो, फोटो उलटा झाला की तो परत नव्याने बघायला लागतो.

२. उजेड

ट्यूबलाइटखाली काळा, नेव्ही आणि गडद तपकिरी एकच दिसतात. रात्री मांडलं असेल तर सकाळी खिडकीपाशी उजेडात परत बघा. रात्री साडेदहाला केलेली मांडणी सकाळपर्यंत शिवायची नाही हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे.

३. शिवलेलं आणि मांडलेलं जुळवून बघा

मांडतानाचा फोटो असेल तर तो काढा आणि शिवलेल्या ओळींशी एकेक ब्लॉक ताडून बघा. फोटो नसेल तर पुढच्या वेळी नक्की काढा.

खूपदा मांडणी बरोबर असते आणि ती जमिनीवरून मशीनपर्यंत जाताना बिघडते. ओळ उचलली, मांडीवर घेतली, दोन ब्लॉक टीप मारून जोडले, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, परत येऊन बसलो तर ढीग उलटा धरलेला. आख्खी ओळ उजवीकडून डावीकडे शिवली जाते आणि कळतही नाही. आमच्या जाऊबाईंची एक गोधडी अशीच झाली होती, दहापैकी तीन ओळी उलट्या, आणि नेमके त्यामुळे दोन्ही मरून इरकल एकाखाली एक आले. जाऊबाई रंगांना दोष देत होत्या, रंग बिचारे जागच्या जागी ठीक होते.

यावर उपाय साधा आहे. मास्किंग टेपचे छोटे तुकडे घ्या, ओळीला अक्षर आणि ब्लॉकला आकडा, क-१, क-२, क-३ असं. टेप नेहमी ब्लॉकच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातच चिकटवायची. त्यामुळे क्रम तर कळतोच, ब्लॉक कुठल्या बाजूने वर होता तेही कळतं. रेशमी कापडावर आणि खणावर टेप लावू नका, धागे ओढले जातात, तिथे चिठ्ठी बारीक सेफ्टी पिनने शिलाईच्या पाव इंचात अडकवा. एकावेळी एकच ओळ उचलायची, ती शिवून परत जागेवर ठेवायची, मगच दुसरी. हळू वाटतं, पण उसवण्यापेक्षा कितीतरी लवकर होतं.

४. ब्लॉक फिरवून बघा

अजूनही खर्च शून्य. अदलाबदल करण्याआधी ब्लॉक आहे त्याच जागी पाव फेरा फिरवा.

अर्धा गडद अर्धा फिकट असा ब्लॉक असेल तर नव्वद अंशांनी फिरवल्यावर गडद बाजू दुसऱ्या शेजाऱ्याला लागते आणि गोळा फुटतो. लॉग केबिनमध्ये तर सगळी गंमतच फिरवण्यात आहे, तेच ब्लॉक वेगळे फिरवले की कधी तिरप्या सऱ्या दिसतात, कधी मधोमध चौकटी उमलतात. अशा गोधडीत "नक्षी मधेच तुटली" म्हणजे ९९ टक्के एखादाच ब्लॉक उलटा लागलाय. तो शोधायला परत काळापांढरा फोटोच कामाला येतो.

खण आणि रेशीम यांना फिरवण्याचा अजून एक परिणाम आहे. ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असला की कापड एका बाजूने गडद आणि दुसऱ्या बाजूने चमकदार दिसतं. गुळेदगुड्डचा खण हातात धरून फिरवून बघा, लगेच कळेल. मी एकदा सगळे खण मुद्दाम एकाच दिशेने लावले, दुसऱ्या गोधडीत मुद्दाम आलटून पालटून, दोन्ही छान झाल्या. बिघडते ती नकळत मिसळलेली.

साधा एकाच कापडाचा चौकोन असेल आणि तो फारच गडद किंवा भडक वाटत असेल तर तो पालथा करा. छापील कॉटनची उलटी बाजू बहुतेक वेळा फिकी असते आणि ती वापरण्यात काहीही गैर नाही. एका गोधडीत माझ्याकडे एकच मोठ्या फुलांचं कापड होतं, चार ब्लॉक सुलटे आणि पाच पालथे लावले, दोन वेगळी कापडं असल्यासारखं काम झालं.

५. ढीग करून चार भागांत वाटा

फोटोत गोळा दिसला, फिरवून गेला नाही, तर आता एकेक ब्लॉक इकडून तिकडे हलवत बसू नका. हीच ती जागा जिथे लोक तीन-तीन दिवस घालवतात. एक गडद ब्लॉक उजवीकडे नेला की डावीकडे भोक पडतं, ते भरायला तिसरा हलवला की पहिल्याशेजारी त्याचाच भाऊ येतो.

सगळं उचला. हो, सगळं. (फोटो आहे ना, काही हरवत नाही.) आणि तीन ढीग करा: गडद, मध्यम, फिकट. ठरवता येत नसेल तर डोळे बारीक करून बघा, पापण्या अर्ध्या मिटल्या की रंग मागे पडतो.

समजा ८० मध्ये २८ गडद, ३२ मध्यम आणि २० फिकट निघाले. गोधडीचे मनात चार भाग करा, प्रत्येक भाग ४ बाय ५, म्हणजे २० ब्लॉकचा. आता पत्ते वाटतो तसे वाटा. प्रत्येक भागाला ७ गडद, ८ मध्यम, ५ फिकट. वाटताना एकाच साडीचे तुकडेही चार भागांत जातील एवढं बघा. मग प्रत्येक भाग आपापल्या जागी मांडायचा, आणि सगळ्यात शेवटी चार भाग जिथे एकमेकांना भेटतात तिथली शिवण, म्हणजे मधला उभा आणि आडवा पट्टा, नीट तपासायची, कारण शेजार चुकायचा तर तिथेच चुकतो.

बऱ्याच जणी म्हणतात आम्ही पिशवीत सगळे घालून डोळे मिटून एकेक काढतो, तीच खरी तुकड्यांची गोधडी. करून बघा, पण हमखास गुच्छ होतात. डोळे मिटून काढलेलं समान पसरत नाही, नाणं उडवलं की सलग चार वेळा छाप पडतोच ना कधी कधी, तसं. आपल्याला जे हवं असतं ते "कसंही पडलेलं" दिसणारं पण प्रत्यक्षात सारखं पसरलेलं, आणि त्यासाठी वाटणी करावीच लागते. वाटून मग प्रत्येक भागातले २० मात्र डोळे मिटून मांडा, ते चालतं, त्याने जिवंतपणा येतो.

६. पांढरा, पिवळा, लाल

या तिघांना वेगळं काढून मोजा.

भडक ब्लॉक एकटा असला की तो डाग वाटतो, तीन असले की लय वाटते. म्हणून हळदी पिवळा एकच असेल तर दोन पर्याय: तो काढून टाका, किंवा अजून दोन पिवळे शोधा. तीन झाले की मोठ्या त्रिकोणाच्या टोकांवर ठेवा, एका ओळीत नाही. पूर्ण ब्लॉकच पिवळा हवा असं नाही, काठावर पिवळी बुट्टी असलेली साडीही पिवळ्याची साथ देते.

पांढऱ्याचं जास्त जपा. शाळेच्या शर्टाचा नवा पांढरा आणि धोतराचा वापरून मऊ पडलेला पांढरा हे दोन वेगळे रंग आहेत. नवा पांढरा इतर सगळ्या जुन्या कापडांना मळकं दाखवतो. म्हणून गोधडीत बाकीचं कापड वापरलेलं असेल तर पांढराही वापरलेलाच घ्या. तसंच भडक आणि शुभ्र तुकडे शक्यतो अगदी कडेच्या ओळीत आणि कोपऱ्यांत टाळा, कडेला ते नजर गोधडीबाहेर ओढतात. कडेला मध्यम आणि गडद जास्त आले तर गोधडीला आपोआप चौकट मिळते.

७. सगळंच गढूळ दिसत असेल तर

हे वेगळं दुखणं आहे आणि ते हलवाहलवीने कधीच बरं होत नाही, म्हणून त्यावर वेळ घालवू नका. तीन ढीग केलेत ना, मध्यमचा ढीग बघा. ८० पैकी ६० ब्लॉक मध्यम असतील तर कितीही फिरवा, चिखलच दिसणार. मध्यम कापडाला उठून यायला शेजारी फिकट लागतं. इथून पुढे थोडा खर्च आहे.

सगळ्यात स्वस्त म्हणजे घरातून फिकटं शोधा: जुनी धोतरं, परकर, शर्टांच्या उलट्या बाजू, पिवळट झालेल्या उशीच्या खोळी. साधारण पाचातला एक ब्लॉक फिकट झाला तरी फरक पडतो. सोळा ब्लॉक बदलायचे म्हणजे एक जुनं धोतर पुरून उरतं.

ते जमत नसेल तर मांजरपाटाची पट्टी. प्रत्येक ब्लॉकच्या मधे एक इंचाची पट्टी घातली की ब्लॉक एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे शेजाराचं अर्धं भांडण मिटतं. हिशेब असा: पट्टी दीड इंच कापायची, शिवून एक इंच उरते. आडवे ८ ब्लॉक म्हणजे मधे ७ पट्ट्या, ४८ अधिक ७, ५५ इंच. उभे १० म्हणजे ९ पट्ट्या, ६० अधिक ९, ६९ इंच. चारी बाजूंनी एकेक इंच लावली तर ५७ बाय ७१. म्हणजे गोधडी मोठ्या माणसाची झाली, नवा एकही ब्लॉक न करता. ३६ इंच पन्ह्याचा मांजरपाट दोन मीटरमध्ये बसतो पण मी अडीच घ्यायला सांगते, कारण तो धुतल्यावर चांगला आटतो. आणि आधी धुऊनच कापा. न धुता लावला तर पहिल्या धुण्यात पट्ट्या आकसतात आणि ब्लॉक मधे फुगे आल्यासारखे दिसतात.

पट्टी लावायच्या आधी लाल, मरून आणि नवे खण यांचा रंग जातो का तेही बघा, पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून. फडकं लाल झालं तर ते कापड वेगळं भिजत घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका, बाजारातल्या रंगांवर त्याचा भरवसा नाही. रंग जातच राहिला तर तो ब्लॉक या गोधडीत नको.

८. मापं

कोपरे जुळत नसतील तर मोजायची टेप घ्या आणि शिवण्याआधीचे ब्लॉक मोजा, ८० च्या ८०. कंटाळा येतो, पण करा.

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिलाई पाव इंचाऐवजी एक सूत जास्त आत गेली तर प्रत्येक जोडात दोन्हीकडून मिळून दोन सूत जातात. एका ओळीत सात जोड, चौदा सूत, म्हणजे पावणेदोन इंच! एक ओळ काकूंनी शिवली, दुसरी सुनेने, दोघींचा हात वेगळा, झाली ओळ लांब-आखूड. मशीनच्या सुईपासून पाव इंचावर, सुईखालच्या पत्र्यावर, मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि कापडाची कड त्यालाच लावून शिवा, बास. इस्त्री करताना पहिल्या ओळीच्या शिलाया डावीकडे पाडा, दुसरीच्या उजवीकडे, मग जोडताना त्या एकमेकींत अडकतात आणि कोपरा आपोआप जुळतो.

तिरपे कापलेले ब्लॉक ओढले जातात, टेरिकॉट निसटतं, मलमल पसरते. मलमल आणि जॉर्जेटला मागून पातळ कॉटनचं अस्तर लावून मगच ब्लॉक करा.

मापं जुळायचीच नाहीत इतके तुकडे वेडेवाकडे असतील तर ब्लॉकचा हट्ट सोडा. आपली हाताची वाकळ ब्लॉकवर उभी नव्हतीच. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी समाजातल्या बायका कवंदी शिवतात ती बघा: खाली जुनी साडी पसरायची, कडेपासून सुरू करायचं, एकेक तुकडा कड दुमडून ठेवायचा, धावदोऱ्याने शिवत शिवत चारी बाजूंनी फिरत मध्यापर्यंत यायचं. मांडणी शिवतानाच होते, समोरच्या तुकड्याला काय शोभेल ते बघून पुढचा तुकडा. कोपऱ्यांना त्या छोटी फुलं लावतात, तोवर गोधडी पुरी झाली असं मानत नाहीत. ज्यांच्याकडे कातरण फार लहानमोठं आहे त्यांना मी हीच पद्धत सुचवते, त्यात ओळी नसतातच तर चुकणार काय.

९. शिवून झालंय, आता काय

उसवायचं ठरवण्याआधी ठिगळाचा विचार करा. एकच ब्लॉक खटकत असेल तर हव्या त्या कापडाचा साडेसहा इंची चौकोन घ्या, चारी कडा पाव इंच दुमडून इस्त्री करा, तो बरोबर ६ इंचाचा होतो, खटकणाऱ्या ब्लॉकवर ठेवून हाताने बारीक टाक्यांनी बसवा. अर्ध्या तासाचं काम. गोधडी ठिगळानेच तयार होते, त्यात अजून एक लागलं तर तिची शोभा कमी होत नाही. गडद ब्लॉकवर धोतराचं फिकट ठिगळ लावताना खालचा रंग दिसू नये म्हणून मधे एक पातळ थर घाला.

दोन-तीन ब्लॉक शेजारी शेजारी असतील तरच उसवा. आणि उसवताना ब्लॉकच्या चारही बाजू नको, आधी ती आख्खी ओळ सोडवता येते का बघा. पुष्कळदा ओळ उलटी करून परत लावली की काम होतं. आतले थर घालून धावदोरा मारून झाला असेल तर मात्र उसवू नका, तिथे ठिगळच.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

सलग दोन दिवस हलवलं, तीन फोटो शेजारी ठेवले आणि तिन्ही सारखेच बरे वाटतायत, तर मांडणी झाली आहे. शिवायला घ्या.

कापड हातात घेतल्यावर घडीवर तडकत असेल, जुनी पैठणी किंवा जरीचं लुगडं, तर त्याचे ब्लॉक करायचे थांबा. रेशीम एकदा तडकायला लागलं की सुईचं प्रत्येक भोक त्याला अजून फाडतं. माझ्या आत्याने आईच्या शालूचे चौकोन कापून गोधडीत घातले, वर्षभरात तेवढेच चौकोन चिंधड्या झाले आणि बाकीची गोधडी अजून धडधाकट आहे, ते बघून आत्या किती हळहळली ते मी विसरत नाही. असं वस्त्र आठवणीचं असेल तर जुनी वस्त्रं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा, कात्री लावायच्या आधी.

टाके सुटत असतील किंवा खालून दोऱ्याचे झुपके येत असतील तर सुई बदला, दोरा वरून आणि बॉबिनमधून परत ओवा, चिकटलेला कापूस झटका. एवढ्याने गेलं नाही तर मेकॅनिकला बोलवा. स्क्रू स्वतः फिरवत बसू नका, कारण टीप एका ओळीत सैल आणि एका ओळीत घट्ट झाली की ब्लॉकची मापं बिघडतात आणि तुम्ही परत मांडणीवर संशय घेत बसता. मोटरला जळका वास आला तर प्लग काढून थेट दुरुस्तीलाच.

डबल बेडची गोधडी थर घालून घरच्या मशीनवर शिवायचा प्रयत्न करू नका. ८० ब्लॉकची कशीबशी मशीनच्या हाताखालून जाते, त्याच्या दुप्पट-तिप्पट गठ्ठा जात नाही, ओढला जातो आणि मागे चुण्या पडतात. वरचा थर आपण जोडावा आणि पुढचं काम गावातल्या गोधडी शिवणाऱ्या बायकांकडे द्यावं, त्या जमिनीवर पसरून, चारी कडा टाचून, बाहेरून आत धावदोरा घालत येतात, त्यामुळे थर सरकत नाहीत. देताना वरचा थर इस्त्री करून द्या, लोंबणारे दोरे कापून द्या, आणि वरची बाजू कुठली ते टेपने लिहून ठेवा.